लोहाचं औषध आणि चोरीचा चहा

माझी मुलगी दीड वर्षाची होईपर्यंत माळव्यातल्या आमच्या कॉलनीत प्रसिद्ध होती, ती न रडण्याबद्दल. लस टोचली तरी ही बया नुसते ओठ काढायची, दोनदा कुईकुई करायची आणि माझ्या खांद्यावर मान टाकून द्यायची. बाकीच्या आया घामाघूम होऊन आपापली किंचाळणारी पोरं सांभाळत असायच्या आणि माझ्याकडे बघून म्हणायच्या, "भाभी, आपकी तो गाय है गाय!" मीही अशी काही मिरवायची की जणू हे वळण मी पोटातच लावून तिला बाहेर काढलं होतं.

त्यात ती गोरी. आमच्या घरात गोरेपणाचा कायमचा दुष्काळ. मी चांगली ठसठशीत काळी, नवरा माझ्यापेक्षा जेमतेम एक छटा उजळ, सासू-सासरे दोघंही सावळे. आणि ही पोरगी महिन्यामहिन्याला उजळतच चाललेली. शेजारच्या आंटी रोज सकाळी भिंतीवरून डोकवायच्या आणि तिचा गाल ओढून म्हणायच्या, "अच्छा हुआ, मम्मी पे नी गई." हे माझ्या तोंडावर, आणि तेही माझ्या हातचे पोहे खाता खाता. मला असा संताप यायचा की वाटायचं, प्लेट ओढून घ्यावी. पण पोरीचं कौतुक होत असताना आईने फणकारायचं कसं? म्हणून मी दात काढून हसायची आणि आंटींच्या पोह्यांवर आणखी शेव घालायची.

या गोरेपणाचं सगळं श्रेय घरात दुधाला दिलेलं होतं. म्हणजे सासऱ्यांना, कारण दुधाचं खातं त्यांच्याकडे होतं. सासऱ्यांचे वडील महूच्या छावणीत फौजेत होते. सासरे स्वतः आयुष्यभर एका सरकारी कचेरीत फायली या टेबलावरून त्या टेबलावर हलवत बसले, पण फौज काही त्यांच्या अंगातून गेली नाही. घरातली परेड तेच घेत. कोणी शिंकलं, दूध. कोणी पडलं, दूध. कोणाचा नापास होण्याचा रंग दिसला, दूध. नातीच्या बाबतीत तर त्यांनी सकाळपासून रात्रीपर्यंत बाटल्यांची नाकेबंदी केली होती.

"ती जेवत नाही हो बाबा," मी म्हणायची.

"दूध पिते आहे ना? फिर टेंशन कशाचं? फौजेत लहान मुलं नव्हती काय?"

फौजेत लहान मुलं नसतात, हे त्यांना सांगायची हिंमत घरात कोणाचीच नव्हती. शिवाय खरं सांगायचं तर बाटली सगळ्यांच्याच सोयीची होती. मी सांवेर रोडच्या एका कारखान्यात नटबोल्ट तपासायच्या विभागात कामाला. सकाळी निघताना पोरीच्या तोंडात बाटली दिली की ती हात हलवायचीसुद्धा नाही, नुसती बघत राहायची. ज्या शहरात माणसं सकाळचा नाश्ता करता करता संध्याकाळी काय खायचं याचा वाद घालतात, त्या शहरात माझी मुलगी भाताच्या शितालाही तोंड फिरवत होती.

तिला एकच पदार्थ मनापासून आवडायचा, तो म्हणजे माती. मोगऱ्याच्या कुंडीतली. कुंडी उचलून वर ठेवली तर ती भिंतीचा चुना चाटायची. देशातल्या सगळ्यात स्वच्छ शहरात राहून ही पोरगी चाटायला घाण शोधून काढायची, याचं आम्हाला हसू यायचं. नवरा म्हणायचा, नगर निगमला कळलं तर हिच्यावर चालान फाडतील. आम्ही पोट धरून हसायचो आणि तिचं तोंड पुसायचो.

खोकला मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. साधी सर्दी झाली की ती नाकात थांबायचीच नाही, थेट छातीत उतरायची. वाफ, मोहरीचं तेल, ओव्याची पुरचुंडी, सगळं करून झालं. पावसाळा सरता सरता एका दुपारी सासूबाईंचा कारखान्यात फोन आला. त्या एरवी फोनवर आधी हवापाण्याची चौकशी करतात. त्या दिवशी म्हणाल्या, "तिच्या फासळ्या आत ओढल्या जात आहेत. तू जल्दी ये."

निमोनिया होता. दवाखान्यात पोरीच्या नाकाला नळी लावली, हाताला सुई टोचली, आणि तिने तेव्हाही रडून दाखवलं नाही. मान टाकून पडली होती, जुन्या धुतलेल्या फडक्यासारखी. मी डॉक्टरबाईंना म्हटलं, "ती पहिल्यापासूनच शांत आहे." काहीतरी चांगलं सांगावं म्हणून म्हटलं.

डॉक्टरबाईंनी अंगठ्याने तिची खालची पापणी खाली ओढली आणि मला वाकून बघायला लावलं. आत लाल असायला हवं तिथे पांढरट होतं.

"शांत नाहीये ती," त्या म्हणाल्या. "दमली आहे. आणि गोरी पण नाहीये. फीकी पडली आहे. शरीरात खून आहे कुठे? माती खाते का?"

मी हो म्हटलं आणि मग मला त्यांच्याकडे बघवेना. रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा हिमोग्लोबिन सहाच्या थोडं वर होतं. त्यांनी सरळ भाषेत सांगितलं: मुलीच्या रक्तात लोह नाही. दुधाने पोट भरतं आणि लोह तर त्यात नसल्यातच जमा. अंगात ताकद नसली की प्रत्येक सर्दी छातीपर्यंत पोचते. औषध देते, ते नेमाने द्या. पुढची सर्दी अशीच उतरली आणि रक्त एवढंच राहिलं, तर बाहेरचं रक्त चढवावं लागेल, आणि तेवढा वेळ मिळेल याची खात्री मी देत नाही.

नवरा बाहेर बाकावर बसून म्हणाला, "तू दिवसभर लोखंडात बसतेस, आणि पोरीच्या अंगात लोखंड नाही." मग तो रडला. मीही रडले. सासऱ्यांनी औषधाची बाटली माझ्या हातातून काढून आपल्या खिशात घातली. याचा अर्थ मोहीम त्यांनी हाती घेतली होती.

आणि मोहीम त्यांनी फत्ते केली असती. गडी असा वक्तशीर की औषधाचा नेम एकदाही चुकला नाही. पोरगी निमोनियातून उठली, घरी आली, सासरे रोज सकाळी चष्मा लावून थेंब मोजायचे. महिन्याभराने आम्ही सगळे नटूनथटून तपासणीला गेलो, बक्षीस समारंभाला गेल्यासारखे. बोट टोचलं. रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन होतं तिथेच ठाण मांडून बसलेलं.

डॉक्टरबाई आमच्याकडे आळीपाळीने बघत राहिल्या. "औषध रोज देता?"

"एक दिन नागा नाही," सासरे छाती काढून म्हणाले.

"कशातून देता?"

"दुधातून!"

हे त्यांनी अशा अभिमानाने सांगितलं की डॉक्टरबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाबूजी, आप दवा दे नहीं रहे, दवा को डुबो रहे हैं. दुधात घातलं की लोह अंगाला लागतच नाही. आणि बाकी काय खाते ती? संध्याकाळी?"

सासूबाई भिंतीवरच्या लसीकरणाच्या चित्राकडे फार बारकाईने बघायला लागल्या. मी त्यांच्याकडे बघितलं. नवऱ्याने बघितलं. शेवटी सासऱ्यांनीही बघितलं.

"टोस्ट," सासूबाई म्हणाल्या.

"कशात बुडवून?"

"थोडासा चहा. मतलब, टोस्ट नरम होण्यापुरता."

डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. सकाळी लोह दुधात बुडत होतं आणि त्यातून चुकून वाचलंच काही तर संध्याकाळी चहा त्याचा समाचार घेत होता. मला एकदम हसू फुटलं. वेळ हसण्याची नव्हती, पोरीचं रक्त सहावर अडकलं होतं, आणि मी तोंडात पदर कोंबून हसत होते. डॉक्टरबाईही हसल्या आणि मग लगेच ओरडल्या. बाटली बंद. दूध वाटीने, थोडंसं, आणि औषधापासून लांब. औषध लिंबाच्या किंवा मोसंबीच्या रसाबरोबर. डाळ, चणे, हिरवी भाजी, लिंबू पिळलेले पोहे. मांस-मच्छी खात असाल तर कलेजी. आणि चहा दाखवायचासुद्धा नाही.

"पोहा दवाई निकला!" सासरे जिन्यातच म्हणाले. त्यांनी मागे वळून जिलेबीबद्दलही विचारून घेतलं. डॉक्टरबाई आतूनच नाही म्हणाल्या.

बाटली काढून घेतली त्या दिवसापासून आमच्या घरात धमाल उडाली. पोरगी बाटली शोधत घरभर रांगायची. फ्रीजसमोर ठिय्या देऊन बसायची. दूधवाल्याची हाक ऐकली की दाराकडे रांगत सुटायची, म्हणून सासऱ्यांनी दूधवाल्याला सांगितलं की मुकाट्याने ये. तो बिचारा फाटकापासून चपला हातात घेऊन यायला लागला, आणि आंटींनी एकदा त्याला चोर समजून आरडाओरडा केला.

चहाचं तर विचारू नका. तिच्यासमोर चहा प्यायचा नाही असं ठरलं, पण चहा सोडायचा असं काही कोणी ठरवलं नव्हतं. सासरे गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे उभे राहून प्यायचे. सासूबाई बाथरूममध्ये कप घेऊन जायच्या आणि नळ सोडून ठेवायच्या, म्हणजे फुर्र आवाज बाहेर ऐकू येणार नाही. नवऱ्याला अचानक ऑफिसला लवकर पोचायची आवड लागली. मी कारखान्यात दोन कप जास्तीचे पिऊन यायची. घरात सगळे एकमेकांना डोळ्यांनी इशारे करत फिरत होते, नवीन लग्न झाल्यासारखे. एक दिवस सासरे गच्चीवरून खाली आले, नातीला उचललं, तिने त्यांच्या मिशीला नाक लावलं, हुंगलं आणि स्पष्ट म्हणाली, "चा!"

तो तिचा पहिला शब्द. आई नाही, बाबा नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या आणि सासऱ्यांना मिशा धुवायला पाठवलं.

औषधाने काय होईल ते डॉक्टरबाईंनी सांगून ठेवलं होतं, पण सासरे तेव्हा जिलेबीच्या विचारात असावेत. एका सकाळी कारखान्यात त्यांचा फोन आला. माझ्या हातात मोजमापाचं साधन होतं म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला, आणि सगळ्या विभागाने ऐकलं: "सूनबाई, काळी! एकदम काळी! डांबर!" लोहाच्या औषधाने शी काळी होते, घाबरण्यासारखं काही नसतं, हे मी त्यांना समजावेपर्यंत इकडे सगळी मशीनं सोडून लोक माझ्याभोवती जमले होते. पुढे कितीतरी आठवडे आमचे फोरमन सकाळी गुड मॉर्निंगऐवजी विचारायचे, "मॅडम, आज डांबर कैसा है?"

लिंबूपाण्यातलं औषध ती थुंकायची. माझ्या कुर्त्यांवर, पडद्यावर, सासऱ्यांच्या वर्तमानपत्रावर, सगळीकडे तपकिरी डाग. मग आम्ही नाटक करायचो. नवरा चमचा घेऊन विमान व्हायचा, सासूबाई टाळ्या वाजवायच्या, आणि मी मागून येऊन पटकन औषध घशाखाली घालायची. रविवारी सासरे स्वतः कलेजी करायचे. लसूण, जिरं, भरपूर मिरी, आणि नातीसाठी वेगळी, बिनतिखटाची, अगदी बारीक कुस्करलेली. पहिल्यांदा तिने ती बोटाने चाखली. मग मूठ भरली. मग दोन्ही हातांनी तोंडात कोंबली आणि रिकामी वाटी सासऱ्यांच्या पोटावर आपटली. सासरे उठून आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी डोकावले तर देवासारखा हसरा चेहरा करून डोळे पुसत होते.

पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की मोगऱ्याची कुंडी खाली राहिली आणि कोणी माती खाल्ली नाही. मग एक दिवस स्टीलची वाटी गॅलरीतून खाली गेली. मग चमचा. मग माझा मोबाइल. पोरीला पाय फुटले, ती चालत नव्हती, थेट पळत होती. नवऱ्याच्या कानाला चावली. गाल ओढायला आलेल्या आंटींच्या हातावर तिने सटकन चापट मारली. आंटी हात चोळत म्हणाल्या, "अरे, ये तो सांवली पड़ गई! धूप में घुमाया क्या?"

मी स्वयंपाकघरात लिंबू कापत होते, सुरी हातातच राहिली. बाहेरून सासूबाईंचा आवाज आला. "धूप नहीं भाभीजी, खून है खून. और मम्मी पे ही गई है हमारी पोती."

मला धावत जाऊन सासूबाईंचा मुका घ्यावासा वाटला. पण आमच्या घरात तशी पद्धत नाही. म्हणून मी त्यांच्यासाठी आलं घालून चहा टाकला आणि बाथरूमचा नळ सोडून आले.

दिवाळीनंतर बोट टोचलं तर आकडा दहाला टेकला होता. आम्ही पेढे वाटायच्या तयारीत होतो, पण डॉक्टरबाई म्हणाल्या, "अच्छी बात आहे. औषध चालूच ठेवा. आता थंडी येईल, सर्दी तर होणारच. ती छातीत उतरते का, ते बघायचं."

आणि ती झालीच. माळव्यातली थंडी एकदा पडली की हाडात शिरते. एका सकाळी पोरगी उठली ती नाक वाहात आणि खोकत. घरातला सगळा वात्रटपणा त्या क्षणी थांबला. आम्ही सगळे तिच्याभोवती बसलो, झबलं वर केलं आणि तिच्या फासळ्यांकडे बघत राहिलो. आत ओढल्या जात आहेत का? श्वास जोरात चाललाय का? तिला वाटलं खेळ चाललाय, ती पोट फुगवून दाखवायला लागली. मला काहीच धड दिसेना. दवाखान्यातली ती नळी, ती पडलेली मान, एवढंच डोळ्यांपुढे येत होतं. अंग जरा कोमट लागलं तशी मी कारखान्यात रजा कळवली, सासऱ्यांनी कानटोपी घातली, आणि आम्ही रिक्षा केली.

रिक्षात ती माझ्या मांडीवर गप्प होती. पुन्हा गप्प. सासरे तिच्या पायांवर स्वतःची शाल घालत राहिले, काढत राहिले, घालत राहिले. मला इतकी भीती मागच्या वेळीही वाटली नव्हती, कारण तेव्हा मला काही माहीत नव्हतं.

डॉक्टरबाईंनी तिचं झबलं वर केलं आणि गार स्टेथोस्कोप छातीला लावला. पोरीने आधी त्याच्याकडे बघितलं. मग डॉक्टरबाईंकडे बघितलं. मग तिने तोंड उघडलं.

असला आवाज मी तिच्या तोंडून जन्मात ऐकला नव्हता. बाहेर बसलेली मुलं घाबरून रडायला लागली. कंपाउंडर दारात येऊन बघून गेला. तिने स्टेथोस्कोपची नळी दोन्ही हातांनी पकडून ओढली, टेबलावरचा टॉर्च लाथेने उडवला, आणि ओरडता ओरडता लालबुंद झाली. कानाच्या पाळीपासून टाचेपर्यंत लाल. डॉक्टरबाई दोन किंकाळ्यांच्या मध्ये ती श्वास कधी घेते याची वाट बघत होत्या. "अगं बाई, मला ऐकू तर दे!" पुढून ऐकलं, पाठीवरून ऐकलं, पापणी ओढून बघितली.

"छाती साफ आहे," त्या जवळजवळ ओरडूनच म्हणाल्या. "नाक पुसा आणि घरी न्या."

"निमोनिया?" सासऱ्यांनी विचारलं.

"इसको? बाबूजी, इसकी आवाज़ सुनी आपने?"

आम्ही बाहेर आलो. मी वेड्यासारखी हसत होते, डोळ्यांतून पाणी गळत होतं ते पुसायचंही मला सुचत नव्हतं. पोरीचं नाक वाहात होतं, ती माझ्या ओढणीला नाक पुसत होती आणि पुन्हा ओरडत होती. तिचा फार मोठा अपमान झाला होता. रिक्षात बसलो तरी थांबेना. पाठ ताठ करायची, माझ्या हातांतून निसटायची, आणि सगळ्या रस्त्याला गाऱ्हाणं सांगायची. सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या लोकांनी काचा खाली केल्या.

रिक्षावाल्याने आरशात बघितलं. "भेनजी, क्या हो गया बच्ची को?"

"कुछ नी भिया," सासरे म्हणाले, "सर्दी हुई है!" आणि असे हसले की त्यांना ठसका लागला.

आमच्या कॉलनीचं वळण आलं. रिक्षावाल्याने हँडल वळवलं.

"मोड़ना मत भिया," मी म्हटलं. "सीधे चलो. लालबाग महल का एक चक्कर लगा के, फिर घर."

त्याने एकदा ओरडणाऱ्या पोरीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि रिक्षा सरळ घेतली. एवढ्या गार वाऱ्यात सासऱ्यांनी कानटोपी कानांवरून वर सरकवली आणि तिचा आवाज ऐकत बसून राहिले.